डायलिसिस चालू, शस्त्रक्रियागृह बंद

२० मार्च २०२० हा दिवस मध्य प्रदेशच्या राजकीय इतिहासात कमलनाथ यांच्या राजीनाम्याचा दिवस म्हणून नोंदला गेला. ज्योतिरादित्य शिंदे यांचे पक्षांतर, बंगळुरूत मुक्कामाला गेलेले आमदार, सर्वोच्च न्यायालयाने आदल्या दिवशी दिलेला बहुमत चाचणीचा आदेश आणि पंधरा महिन्यांच्या सरकारची अखेर, एवढा ऐवज राजधानीतील राजकीय वर्तुळाला पुरेसा होता. त्याच दिवशी जबलपूर शहरात राज्यातील पहिले चार करोनाबाधित आढळले. ती बातमी दुसऱ्या स्थानावर गेली. त्याच दिवशी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने देशातील रुग्णालयांना एक सूचनापत्र धाडले. अत्यावश्यक नसलेल्या नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्यात, असे त्यात म्हटले होते. या तिसऱ्या घटनेची दखल राजकीय विश्लेषकांपैकी फारशा कोणी घेतली नाही. तथापि जबलपूर जिल्ह्यातील मझौलीसारख्या तालुक्यात ज्याची मूत्रपिंडे निकामी झाली होती, त्याच्या दृष्टीने त्या दिवसाच्या तीन घटनांतील सर्वांत निर्णायक घटना हीच होती.

मझौली हे विष्णु-वराहाच्या प्राचीन मंदिरासाठी ओळखले जाणारे गाव. सिहोऱ्याच्या पश्चिमेला, जबलपूर शहरापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर. विधानसभेसाठी ते पाटण मतदारसंघात आणि लोकसभेसाठी जबलपूर मतदारसंघात मोडते. पाटणचे प्रतिनिधित्व करणारे अजय विश्नोई हे राज्याचे माजी आरोग्यमंत्री आहेत. जबलपूरचे तत्कालीन खासदार राकेश सिंह हे फेब्रुवारी २०२० पर्यंत सत्तेबाहेर असलेल्या भाजपचे प्रदेशाध्यक्ष होते. मझौली प्रतिनिधित्वाच्या बाबतीत उपेक्षित होती, असे म्हणण्यास जागा नाही. प्रश्न प्रतिनिधींच्या वजनाचा नव्हता. राज्यव्यवस्थेला आपल्या नागरिकांपैकी कोण कोठे अडकला आहे हे दिसत होते की नाही, एवढाच प्रश्न होता.

आठवड्यातून दोन वेळा डायलिसिस घेणाऱ्या मझौलीच्या रुग्णाला वर्षाकाठी शंभराहून अधिक खेपा कराव्या लागतात. जाऊन-येऊन आठ ते दहा हजार किलोमीटरचा हा प्रवास होतो. २९ फेब्रुवारी २०१६ रोजी अर्थसंकल्प मांडताना तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी नेमक्या याच प्रवासाचा उल्लेख केला होता. देशात दरवर्षी २.२ लाख नव्या मूत्रपिंडरुग्णांची भर पडते, ३.४ कोटी डायलिसिस सत्रांची अतिरिक्त गरज निर्माण होते, एका सत्राला सुमारे दोन हजार रुपये म्हणजे वर्षाला तीन लाखांवर खर्च येतो आणि वर प्रवासखर्च व बुडालेली मजुरी वेगळी, असा हिशेब त्यांनी सभागृहापुढे ठेवला. त्यातून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जन्मास आला. जिल्हा रुग्णालयात खासगी भागीदाराने यंत्रे, तंत्रज्ञ व शुद्ध पाण्याची यंत्रणा आणावी, सरकारने जागा, वीज व पाणी द्यावे आणि गरीब रुग्णाच्या सत्राचे पैसे भरावेत, अशी त्याची रचना. आज हा कार्यक्रम देशभर दीड हजारांहून अधिक केंद्रांतून चालतो. या शतकातील कल्याणकारी योजनांमध्ये त्याचे स्थान वरचे आहे, हे विरोधकांनाही नाकारता येणार नाही.

परंतु या योजनेचा सारा हिशेब ‘सत्रां’चा आहे. किती यंत्रे, किती रुग्ण, किती सत्रे. यंत्रापर्यंत रक्त कोणत्या वाटेने जाते, हा प्रश्न हिशेबाबाहेर राहतो, आणि महामारीने बोट ठेवले ते नेमके याच जागी.

डायलिसिससाठी शरीरातील रक्त मोठ्या वेगाने बाहेर काढून यंत्रातून फिरवून परत सोडावे लागते. हातातील साधी शीर हा वेग देऊ शकत नाही. म्हणून मनगटाजवळ किंवा कोपराजवळ रोहिणी व नीला जोडून ‘फिस्टुला’ तयार करतात. न्यूयॉर्कमधील ब्रॉन्क्सच्या डॉक्टरांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत साठ वर्षांनंतरही सर्वोत्तम मानली जाते. शस्त्रक्रिया लहान असते. बहुधा तेवढाच भाग बधिर करून ती होते आणि रुग्ण अनेकदा त्याच दिवशी घरी जातो. मात्र जोडलेली नीला फुगून सुईसाठी सिद्ध होण्यास साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर मानेत किंवा जांघेत घातलेल्या तात्पुरत्या नळीवर, म्हणजे कॅथेटरवर, काम भागवावे लागते. ही नळी शक्यतो दोन आठवड्यांहून अधिक ठेवू नये, असा वैद्यकशास्त्राचा संकेत आहे. कारण ती थेट मोठ्या रक्तवाहिनीत उघडणारी वाट असते, आणि त्या वाटेने जंतूही शिरतात. भारतात बहुतांश रुग्ण डॉक्टरकडे उशिरा पोहोचतात, त्यामुळे त्यांचे डायलिसिस अशा नळीवरच सुरू होते. फिस्टुलाची तारीख नंतर मिळते.

ज्यांची ही तारीख मार्च २०२० च्या अखेरीस होती, त्यांचा हिशेब मांडून पाहावा. २५ मार्च ते ३१ मे या चार टप्प्यांच्या टाळेबंदीचे दिवस अडुसष्ट. १ जूनला शस्त्रक्रिया झाली असे धरले, तरी फिस्टुला वापरण्याजोगा होईपर्यंत जुलैचा दुसरा पंधरवडा उजाडणार. म्हणजे जी नळी दोन आठवड्यांपुरती घालायची, तिच्यावर सुमारे चार महिने काढायचे. ज्यांचा जुना फिस्टुला रक्ताची गाठ होऊन बंद पडला, त्यांना तर एवढीही सवड नव्हती. तो वाचवायचा तर काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत शल्यचिकित्सकाने हात घालावा लागतो.

येथे सरकारी भाषेचा प्रश्न उभा राहतो. शल्यशास्त्रात ‘इलेक्टिव्ह’ म्हणजे तारीख ठरवून करावयाची शस्त्रक्रिया. आपल्याकडे त्याचे भाषांतर ‘ऐच्छिक’ असे रूढ झाले आणि भाषांतराने अर्थच बदलला. मोतीबिंदू काही महिने थांबतो. गुडघ्याचा सांधाही वेदना सोसत थांबतो. डायलिसिसचा मार्ग तयार करणे हे तारीख ठरवून होते खरे, पण त्यात रुग्णाच्या इच्छेचा भाग तो किती? केंद्राच्या सूचनापत्रात ‘अत्यावश्यक नसलेल्या’ हे विशेषण होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. मात्र अत्यावश्यक काय, याची यादी त्यासोबत नव्हती. यादी नसली की घाबरलेले प्रशासन विशेषण गाळते आणि क्रियापद तेवढे अमलात आणते. अमेरिकेतील डायलिसिस-मार्गाशी संबंधित दोन वैद्यकीय संघटनांनी त्याच मार्च महिन्यात संयुक्त निवेदन काढून या शस्त्रक्रिया रुग्णाची जीवनरेखा आहेत, त्या टाळता येण्याजोग्या समजू नयेत, असे स्पष्ट केले होते. आपल्याकडे एप्रिलमध्ये केंद्राने डायलिसिससाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या आणि डायलिसिसला अत्यावश्यक सेवांतही स्थान दिले. भर मात्र डायलिसिस चालू ठेवण्यावर होता.

आकडे हेच सांगतात. आयुष्मान भारत योजनेच्या दाव्यांचा जो अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानुसार टाळेबंदीच्या पहिल्या दहा आठवड्यांत दर आठवड्याचे दावे आधीच्या तुलनेत सरासरी ५१ टक्क्यांनी घटले. मोतीबिंदू व सांधेरोपणाच्या शस्त्रक्रियांत घट ९० टक्क्यांहून अधिक होती. डायलिसिसच्या दाव्यांत मात्र ती अवघी ६ टक्के होती. सरकारच्या बाजूने हा आकडा बोलतो आणि तो मान्य केला पाहिजे. परंतु त्याच काळात देशातील १९ मोठ्या रुग्णालयांच्या मूत्रपिंडविकारतज्ज्ञांनी केलेली पाहणी दुसरी बाजू दाखवते. त्यांच्याकडील २,५१७ नियमित डायलिसिस-रुग्णांपैकी ७१० जणांची, म्हणजे २८.२ टक्के रुग्णांची एक वा अधिक सत्रे चुकली. १०४ जण येईनासे झाले. ती शहरांतील नामांकित रुग्णालये होती. मझौलीसारख्या तालुक्यातील चित्र कोणत्याही पाहणीत नाही. शस्त्रक्रियांचे म्हणावे, तर आंतरराष्ट्रीय शल्यचिकित्सकांच्या एका गटाने मे २०२० मध्ये वर्तविलेल्या अंदाजानुसार बारा आठवड्यांच्या काळात जगभर २ कोटी ८४ लाख आणि भारतात ५ लाख ८० हजारांहून अधिक नियोजित शस्त्रक्रिया रद्द वा लांबणीवर पडणार होत्या. त्यांत फिस्टुला किती, हे वेगळे काढून कोणी सांगितले नाही. डायलिसिसमधून कायमची सुटका करणारे प्रत्यारोपणही थबकले. २०१९ मध्ये देशात १२,६६६ अवयव प्रत्यारोपणे झाली होती, २०२० मध्ये ती ७,४४३ वर आली. ज्यांचे मूत्रपिंड प्रत्यारोपण लांबले, ते सारे डायलिसिसच्या रांगेत राहिले आणि रांग लांबली.

या काळात भोपाळमध्ये काय चालले होते? १६ मार्चला विधानसभा अध्यक्षांनी करोनाचे कारण देऊन सभागृह २६ मार्चपर्यंत तहकूब केले, तेव्हा बहुमत चाचणी टाळण्यासाठी रोगाची ढाल केली जात आहे, असा आरोप भाजपने केला. आरोपात तथ्य होते. २३ मार्चच्या रात्री शिवराजसिंह चौहान यांचा शपथविधी झाला आणि पुढील जवळपास महिनाभर ते एकटेच सरकार होते. २१ एप्रिलला पाच मंत्र्यांनी शपथ घेतली, तेव्हा नरोत्तम मिश्रा यांच्या रूपाने राज्याला आरोग्यमंत्री मिळाला. जुलैच्या विस्तारानंतर ते खाते दुसऱ्याकडे गेले. मुख्यमंत्री कार्यक्षम होते की नव्हते, हा मुद्दा नाही. कोणत्या रुग्णालयाचे कोणते शस्त्रक्रियागृह चालू ठेवायचे यावर मंत्रालयात भांडणारा, चुकले तर जाब देणारा मंत्रीच नसणे ही संसदीय राज्यपद्धतीतील पोकळी आहे. त्या पोकळीत निर्णय घेते ती नोकरशाही, आणि नोकरशाही संकटात नेहमी सर्वांत सोपा आदेश काढते.

त्या आदेशाचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. वायुपीडितांसाठी उभारलेले भोपाळ मेमोरियल रुग्णालय हे अतिविशेषोपचार केंद्र मार्च २०२० मध्ये केवळ करोनासाठी राखून ठेवण्याचा आदेश राज्य शासनाने काढला. तेथील दीर्घकालीन रुग्णांना वाऱ्यावर सोडले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आणि तेथून जबलपूरच्या उच्च न्यायालयात आले, तेव्हा एप्रिलच्या मध्यास आदेश मागे घेण्यात आला. वायुपीडितांना हे साधले, कारण साडेतीन दशकांच्या लढ्याने त्यांच्या संघटना तयार झाल्या होत्या, त्यांच्याकडे वकील होते. ज्या जबलपूरच्या न्यायालयात ही सुनावणी झाली, त्याच जिल्ह्यातील डायलिसिस-रुग्णांची संघटना कोठे आहे? आठवड्यातले दोन दिवस यंत्रावर आणि उरलेले थकव्यात घालविणारा माणूस मोर्चा काढीत नाही.

जबलपूर आणि नागपूर १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होते. प्रांत तुटले, पण रुग्णांचा ओघ तुटला नाही. महाकोशलातील अवघड रुग्ण आजही नागपूरकडे धाव घेतो. २०२० च्या मार्चअखेर रेल्वे थांबल्या, राज्यांच्या सीमा बंद झाल्या. वैद्यकीय कारणासाठी प्रवासास नियमांत मुभा होती. बस मात्र नव्हती. कागदावरची मुभा आणि प्रत्यक्षातले वाहन यांतले अंतर गरिबाला भाड्याच्या जीपने भरून काढावे लागले. महाराष्ट्रानेही वेगळे काही केले असे नाही. मुंबईतील नायर रुग्णालयासारखे मोठे सार्वजनिक रुग्णालय करोनासाठी राखले गेले, तेव्हा तेथील इतर रुग्णांनाही नवे दार शोधावे लागलेच.

प्रशासनाची बाजू पोकळ नव्हती. मार्च २०२० मध्ये डॉक्टरांना पुरेसे संरक्षक पोशाख नव्हते, चाचण्या अपुऱ्या होत्या, एका बाधित रुग्णामुळे संपूर्ण विभाग बंद पडत होते. डायलिसिसच्या रुग्णाला करोना झाल्यास त्याच्या जिवाला धोका इतरांहून अधिक होता, त्यामुळे त्याला रुग्णालयात कमीत कमी बोलवावे, हा विचारही शास्त्राला धरून होता. काही फिस्टुला दोन-तीन आठवडे थांबले असते तर बिघडले नसते. पण कोणाचे थांबावे आणि कोणाचे नाही, हा निर्णय रुग्ण पाहणाऱ्या शल्यचिकित्सकाचा असायला हवा होता. ज्या शस्त्रक्रियेला व्हेंटिलेटर लागत नाही, अतिदक्षता विभागातील खाट लागत नाही आणि जिच्यामुळे पुढे जंतुसंसर्गाने रुग्ण अतिदक्षता विभागात येणे टळते, ती बंद ठेवून करोनासाठी नेमके काय वाचविले, याचे उत्तर मिळत नाही.

हे उत्तर मागण्याची जागा संसद होती. परंतु २३ मार्च २०२० रोजी अर्थसंकल्पी अधिवेशन आटोपते घेण्यात आले. सप्टेंबरचे अधिवेशन प्रश्नोत्तराच्या तासाविना झाले. लेखी उत्तरे मिळाली, उपप्रश्नांना वाव नव्हता. स्थलांतरित मजुरांच्या मृत्यूंची आकडेवारी ठेवली जात नाही, हे उत्तर त्याच अधिवेशनातले. हिवाळी अधिवेशन महामारीचे कारण देऊन झालेच नाही, मात्र त्याआधीच्या नोव्हेंबरमध्ये मध्य प्रदेशात २८ जागांच्या पोटनिवडणुका रीतसर पार पडल्या. जुलै २०२१ मध्ये तर दिंडोरीच्या खासदार व केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांच्या लेखी उत्तरात, प्राणवायूअभावी मृत्यू झाल्याची नोंद राज्यांनी कळविलेली नाही, असे सांगितले गेले. तांत्रिकदृष्ट्या ते उत्तर अचूक होते. रुग्णालये हा राज्यांचा विषय, राज्ये कळवतील ते केंद्र सांगणार. राज्यसूचीतील सहाव्या क्रमांकाची नोंद अशा वेळी दोन्ही सरकारांच्या कामी येते. प्राणवायूवरून निदान सभागृहात गदारोळ झाला. फिस्टुला न मिळाल्याने, नळीतून शिरलेल्या जंतूंनी कोणी दगावला, तर त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर ‘मूत्रपिंड निकामी’ एवढेच लिहिले जाते. ज्या मृत्यूला नाव नाही, त्यावर प्रश्न विचारता येत नाही.

कायद्याची स्थिती याहून उद्बोधक आहे. महामारीत देशभर वापरला गेलेला साथरोग कायदा १८९७ चा. मुंबई-पुण्याच्या प्लेगातून तो आला आणि रँडच्या कारकिर्दीमुळे महाराष्ट्राला त्याची चव सर्वांच्या आधी कळली. त्या कायद्याने सरकारला अधिकार दिले, रुग्णाला काहीच दिले नाही. एप्रिल २०२० चा अध्यादेश आणि सप्टेंबरमधील दुरुस्ती यांनी आरोग्य कर्मचाऱ्यांना हल्ल्यांपासून संरक्षण दिले. ते योग्यच झाले. पण सव्वाशे वर्षांनी कायदा उघडला गेला, तेव्हा साथीबाहेरच्या रुग्णाची सेवा अखंड ठेवण्याचे एकही कलम त्यात घालावेसे कोणाला वाटले नाही. आनंद शर्मा यांच्या अध्यक्षतेखालील गृहविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२० मध्ये सर्वंकष सार्वजनिक आरोग्य कायद्याची शिफारस केली. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. देशपातळीवर तसा कायदा अद्याप नाही. वेळेवर उपचार न मिळणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालच्या खेतमजदूर समितीच्या खटल्यात १९९६ मध्येच सांगून ठेवले आहे. तो निकाल तातडीच्या उपचारांबद्दल होता. ज्या उपचाराला आज तातडी नाही आणि महिन्याभराने उशीर झालेला असेल, त्याचे काय, हा प्रश्न खुला आहे.

करावयाच्या गोष्टी फार नाहीत आणि खर्चिकही नाहीत. साथीच्या काळातही थांबवू नयेत अशा शस्त्रक्रियांची यादी केंद्राने शांततेच्या काळात तयार करून ठेवावी. डायलिसिसचा मार्ग, कर्करोग आणि प्रसूती ही नावे त्यात बिनदिक्कत घालता येतील. प्रत्येक विभागात एक शस्त्रक्रियागृह साथीपासून अलग राखण्याचे बंधन राज्यांवर असावे. राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाने सत्रांबरोबर आणखी एक रकाना भरावा: किती रुग्ण तात्पुरत्या नळीवर आहेत आणि किती दिवसांपासून. हा एक आकडा जिल्हावार संसदेपुढे येऊ लागला, तर पुढील साथीत कोणत्याही खासदाराला आपल्या मतदारसंघातील शस्त्रक्रियागृह बंद पडल्याचे पंधरा दिवसांत कळेल. आणि जिल्ह्याच्या गावापर्यंत आलेली यंत्रे सिहोरा-मझौलीपर्यंत नेताना त्यांच्यामागे महिन्यातून एकदा तरी शल्यचिकित्सक जाईल, याची तरतूद करावी. यंत्र आले आणि वाट नसली, तर ते यंत्र फीत कापण्यापुरतेच उरते.

२०२० च्या मार्चमध्ये मध्य प्रदेशात संख्याबळाची मोजणी चोख झाली. कोणत्या आमदाराने कोणत्या हॉटेलात किती रात्री काढल्या, याचीही नोंद झाली. त्या वसंतात जबलपूर जिल्ह्यात किती माणसे मानेतली नळी सांभाळत शस्त्रक्रियेच्या तारखेची वाट पाहत बसली होती, ही संख्या कोणत्याही दप्तरात सापडत नाही. ती मोजण्याची सोय अजूनही झालेली नाही, आणि पुढची साथ येण्यापूर्वी ती होणार की नाही, हे ठरविण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे ते दिल्लीत आणि भोपाळमध्ये बसतात.